बाल्ताझार : एका गाढवाचें चरित्र

मराठी भाषेंत गाढवाइतकी शोभा दुसऱ्या कोणत्याही जनावराची झाली नसेल. शिव्यांच्या यादींत त्याचें स्थान अढळ आहे. गीता वाचली ती व्यर्थ कोणापुढें गेली, हें सांगावयाचें झालें तरी याच प्राण्याची योजना होते; आणि अडलेल्या हरीवर पाय धरण्याची वेळ येते तेव्हां तेही याचेच असतात. उत्तर कोकणांत शिलाहार राजांच्या काळीं दानलेखाच्या शिळेवर गाढवाची आकृति कोरून दान मोडणारास शाप देण्याची चाल होती. अशा शिळांस 'गद्धेगळ' म्हणतात. त्या शापाचा नेमका अर्थ काय तो वडील मंडळींस ठाऊक असतो. येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. उलट पक्षीं, पालघरहून केळव्यास जाऊन शीतलादेवीचें दर्शन घेणाऱ्या आमच्या वाचक-भगिनींस हेंही ठाऊक आहे कीं, त्या देवीचें वाहन गर्दभच आहे. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें. परंतु देवी राहिली, आणि तिचें वाहनही राहिलें.

शिळेवर शाप आणि देवळांत वाहन, या दोन टोकांच्या मध्यें जें खरें गाढव माती, विटा आणि धुण्याचे गठ्ठे वाहत जन्मभर चालत असतें, त्याची चौकशी करण्याचें आपणांस फारसें सुचलें नाहीं. ही चौकशी एका फ्रेंच दिग्दर्शकानें केली. रोबेर ब्रेसाँ हें त्याचें नांव, आणि १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रपटाचें नांव 'ओ आझार बाल्ताझार'. आमच्या तारापूरला अणुवीजकेंद्राचें बांधकाम चालूं होतें त्याच सुमाराची ही गोष्ट. नांवाचा अर्थ सांगावयाचा तर 'दैव नेईल तिकडे, बाल्ताझार' असा कांहींसा सांगतां येईल. दक्षिण फ्रान्सांतील ले बो येथील सरदार-घराणें आपला वंश बाल्ताझार नामक प्राचीन पुरुषापासून सांगे, आणि हे शब्द त्या घराण्याचें ब्रीदवाक्य होते. बाल येशूच्या दर्शनास पूर्वेकडून जे तीन ज्ञानी पुरुष आले अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे, त्यांपैकीं एकाचें नांव बाल्ताझार. आपल्या जिल्ह्यांत वसईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळांत जो गोठा मांडतात, त्यांत हे तिघे असतात आणि बैलाशेजारीं गाढवही उभें असतें. ब्रेसाँनें ज्ञानी राजाचें नांव उचलून गाढवास दिलें. यांत थट्टा किती आणि गांभीर्य किती, हें चित्रपट पुरा झाल्यावरही ठरवितां येत नाहीं.

ब्रेसाँ १९०१ सालीं जन्मला व १९९९ सालीं वारला. आरंभीं तो चित्रकार होता. दुसऱ्या महायुद्धांत कांहीं काळ तो जर्मनांच्या कैदेंत होता. पुढें चाळीस वर्षांत त्यानें अवघे तेराच मोठे चित्रपट केले. परंतु ते पाहून कित्येक देशांतील दिग्दर्शकांनीं आपली रीति बदलली. प्रस्तुत चित्रपटाची मूळ कल्पना त्यास दोस्तोयेव्हस्कीच्या 'इडियट' या कादंबरीवरून सुचली. तींतील रोगजर्जर राजपुत्र परक्या देशांत, बाजारांत गाढवाचें ओरडणें ऐकतो आणि त्याचें झाकोळलेलें मन एकाएकीं स्वच्छ होतें.

कथा अशी. खेड्यांतील दोन मुलें, जमीनदाराचा मुलगा जाक आणि शाळामास्तरांची कन्या मारी, एका शिंगराला घरीं आणतात, त्याच्या मस्तकावर पाणी घालतात, जिभेस मीठ लावतात आणि त्याचें बारसें करतात. पोरखेळच तो, पण त्या गाढवाच्या जन्मांत इतक्या प्रेमाचा दिवस पुन्हां येत नाहीं. जाकची आजारी बहीण मरते, ते कुटुंब गांव सोडून जातें, आणि शेतवाडी मारीच्या वडिलांच्या हवालीं होते. बाल्ताझारच्या पायांस नाल ठोकले जातात, पाठीवर चाबूक बसूं लागतो. एकदां गाडी उलटते, माणसें दांडके घेऊन मागें लागतात, आणि तो पळत पळत जेथें बारसें झालें त्याच अंगणांत येऊन उभा राहतो. मारी आतां मोठी झालेली आहे.

पुढें तो एका हातांतून दुसऱ्या हातांत जात राहतो. पाववाल्याकडे तो पाव वाहतो. तेथील जेरार नांवाचा तरुण देखणा, गोड गळ्याचा आणि दुष्ट. तो रस्त्यावर तेल ओतून मोटारी घसरतांना पाहतो, आणि बाल्ताझार चालेना म्हणून त्याच्या शेपटीस वर्तमानपत्र बांधून पेटवितो. याच जेरारच्या मागें मारी जाते. कां जाते, हें ब्रेसाँ सांगत नाहीं. आणि ज्यांनीं तरुण मुलांमुलींचे संसार जवळून पाहिले आहेत त्यांस तें सांगावयास नकोही. बाल्ताझार आजारी पडतो. त्यास मारून टाकण्याचें ठरत असतां आर्नोल्द नांवाचा एक दारुडा त्यास मागून नेतो. शुद्धींत असतां हा मनुष्य दयाळू, आणि प्याल्यावर त्याच हातांनीं बडविणारा. तेथून सुटून बाल्ताझार सर्कशींत जातो, गुणाकाराचीं उत्तरें खुरांनीं ठोकून दाखवितो, टाळ्या मिळवितो. एका खेळाच्या वेळीं प्रेक्षकांत बसलेला आर्नोल्द त्याच्या दृष्टीस पडतो, आणि विद्वान् गाढव गणित सोडून ओरडूं लागतें. त्या दारुड्यास वारसानें अकस्मात् संपत्ति मिळते. तो गांवास दारू पाजतो, आणि त्याच रात्रीं बाल्ताझारच्या पाठीवरून जातांना मैलाच्या दगडाचा निरोप घेतां घेतां खालीं कोसळून मरतो. नंतर एक कवडीचुंबक धान्यव्यापारी बाल्ताझारला विकत घेतो आणि पाण्याच्या रहाटास जुंपतो. पोटाला कमी आणि पाठीला जास्त, असा त्याचा हिशेब.

इकडे मारीच्या वडिलांवर अपहाराचा खोटा आळ आलेला असतो. जमाखर्चाचीं कागदपत्रें त्यांच्याजवळ आहेत. तीं दाखविलीं कीं सर्व मिटणार. परंतु 'माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर कागद कशाला दाखवूं' या अभिमानापायीं ते दाखवीत नाहींत. खटला हरतात, घर बुडतें, पण ताठा मोडत नाहीं. या गृहस्थांचें चित्र ब्रेसाँनें इतक्या अचूकपणें काढलें आहे कीं, एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणत्याही मराठी मनुष्यास आपल्या नात्यांतील निदान एक तरी काका किंवा मामा तेथें बसलेला दिसावा. वाटणीचे कागद कपाटांत पडून आहेत, भावाभावांत बोलणें बंद आहे, आणि तत्त्वाच्या नांवाखालीं मुलींचीं लग्नें खोळंबलीं आहेत, हा देखावा पाहण्यास फ्रान्सास जावें लागत नाहीं.

मारीची कथा येथें विस्तारानें सांगवत नाहीं. जेरार व त्याचे सोबती तिची विटंबना करतात, आणि ती घर सोडून कायमची निघून जाते. वडील त्या दुःखानें मरतात. उरतात आई आणि म्हातारा बाल्ताझार. चोरटा माल सीमेपलीकडे नेण्यासाठीं जेरार गाढव मागावयास येतो तेव्हां ती माउली सांगते कीं हा आतां थकला आहे, माझ्याजवळ एवढाच उरला आहे, आणि हा संत आहे. ज्या पाठीवरून देवळाच्या मिरवणुकींत पवित्र वस्तु गेल्या, त्याच पाठीवर रात्रीं सोनें व अत्तरें लादलीं जातात. सीमेवर बंदुका वाजतात. चोर पळून जातात. सकाळीं डोंगराच्या कुरणावर बाल्ताझार उभा असतो, आणि त्याच्या खांद्यावरून रक्त वाहत असतें.

केवळ कथाभाग सांगितला तर वाचकांस वाटेल कीं हें तर रडविण्याचें साहित्य झालें. ब्रेसाँची थोरवी अशी कीं त्यानें रडविण्याचे सर्व मार्ग आधींच बंद करून ठेविले आहेत. तो धंदेवाईक नट घेत नसे. ज्यांनीं कधीं रंगभूमि पाहिली नाहीं अशीं माणसें निवडून, एकच कृति पुनःपुन्हां करवून, त्यांच्या चेहऱ्यावरील अभिनयाचा अंश तो धुऊन काढी. मारीचें काम करणारी आन व्याझेम्स्की ही नोबेल पारितोषिक मिळविलेले कादंबरीकार फ्राँस्वा मोरियाक यांची नात. तेव्हां ती अठरा वर्षांच्या आसपासची शाळकरी मुलगी होती. त्या कवडीचुंबकाचें काम प्येर क्लोसोव्स्की या विद्वान् लेखकानें केलें आहे. गाढव देखील न शिकविलेलेंच हवें हा त्याचा आग्रह. दुःखाच्या प्रसंगीं कोणी हुंदका देत नाहीं, रागाच्या प्रसंगीं कोणी डोळे वटारीत नाहीं. आपणांस दिसतात ते हात, पाय, दारें, पैसे मोजणारीं बोटें. आणि ऐकूं येतात खुरांचे, साखळीचे, बादलीचे आवाज. चाबूक दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो. काळ्या-पांढऱ्या रंगांतील अवघ्या पंचाण्णव मिनिटांचा हा चित्रपट; पण त्यांत एक सबंध जन्म मावतो. गोदार या प्रसिद्ध दिग्दर्शकानें याविषयीं म्हटलें होतें कीं येथें दीड तासांत सारें जग आहे. स्तुति मोठी खरी, पण खोटी नव्हे.

संगीताचीही अशीच काटकसर आहे. नांवांच्या पाट्या चालूं असतां शूबर्ट या जर्मन-भाषी संगीतकाराच्या पियानो-रचनेंतील संथ भाग वाजत असतो. मधेंच गाढव कर्कश ओरडतें, संगीत थांबतें, आणि ओरडणें संपल्यावर जणूं कांहीं झालेंच नाहीं असें पुन्हां सुरू होतें. ज्या घरांत सकाळीं तंबोरा लागतो तेथें हा प्रसंग प्रथम हास्यास्पद वाटेल. तो तसा वाटावा अशीच योजना असावी. पुढील दीड तासांत त्याच ओरडण्याचें मोल हळूहळू वाढत जातें.

सर्कशींतील एका प्रसंगाकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावेंसें वाटतें. बाल्ताझार चाऱ्याची गाडी ओढीत पिंजऱ्यांपुढून जातो. वाघ, पांढरें अस्वल, वानर आणि हत्ती, प्रत्येकापुढें गाडी थांबते. गाढव त्या जनावराकडे पाहतें, आणि तें जनावर गाढवाकडे. बस्स, एवढेंच. पार्श्वसंगीत नाहीं, कोणी बोलत नाहीं. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें येथें पिंजऱ्यांतील बंधूंची सहानुभूति दाखविली असती. ब्रेसाँनें फक्त डोळे दाखविले. त्या डोळ्यांत काय चाललें आहे तें आपणांस कळत नाहीं, आणि कळत नाहीं हीच गोष्ट मनास लागून राहते. चार मुक्या जीवांची ही भेट आपल्यापासून बाहेरची आहे. आपण तेथें पाहुणेही नाहीं.

येथें मला पैठण आठवतें. ज्ञानेश्वरांनीं रेड्यामुखीं वेद बोलविले ही कथा आपल्या घराघरांतून मुलांना प्रथम सांगितली जाते. पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९४० सालीं दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखालीं 'संत ज्ञानेश्वर' काढला आणि शाहू मोडकांना ज्ञानेश्वर केलें. त्यापूर्वीं १९३५ सालीं त्याच कंपनीच्या 'धर्मात्मा'मध्यें बालगंधर्व पैठणचे एकनाथ झाले होते. दोन्ही संतांच्या चरित्रांत एकेक जनावर आहे. रेडा बोलतो, आणि तो बोलला म्हणून ब्रह्मवृंदाचें समाधान होतें. म्हणजे रेड्याच्या पाठीवरचे आसूड पुरावा म्हणून कोणास पुरले नाहींत. त्यास वेद म्हणावे लागले. कथेचा आशय थोर आहे याविषयीं शंका नाहीं, सर्वांभूतीं एकच चैतन्य आहे हेंच तेथें सांगावयाचें आहे. पण सांगण्याची रीति अशी कीं मुक्या जीवास आपल्या बरोबरीचें मानण्यापूर्वीं त्यानें आपली भाषा बोलून दाखवावी अशी आपली अट असते.

एकनाथांच्या कथेंत तसें नाहीं. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वरास न्यावयाची, आणि वाटेंत वाळवंटांत तहानेनें तडफडणारें एक गाढव दिसतें. नाथ कावड त्याच्या तोंडांत रिकामी करतात. गाढव वेद म्हणत नाहीं, आशीर्वाद देत नाहीं. पाणी पिऊन उठतें आणि चालूं लागतें. चमत्कार असेल तर तो कावड रिकामी करणाऱ्या हातांत आहे. ब्रेसाँचा बाल्ताझार या दुसऱ्या गाढवाच्या गोत्रांतला. भेद इतकाच कीं त्याला एकनाथ भेटत नाहींत. भेटतात ते पाववाला, दारुडा, व्यापारी, चोर. म्हणजे आपण सर्व, आपापल्या नेहमींच्या वेळीं जसे असतों तसे.

प्रभातचा आणि ब्रेसाँचा संबंध केवळ माझ्या मनांतला नव्हे. प्रभातचा धंदा बंद पडल्यावर त्याच जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथें शिकलेले कुमार शहानी पुढें शिष्यवृत्ति घेऊन फ्रान्सास गेले आणि ब्रेसाँच्या १९६९ मधील 'यून फाम दूस' या चित्रपटाच्या वेळीं त्यांनीं त्याच्या हाताखालीं काम केलें. त्याच संस्थेंतील मणि कौल यांचा 'उसकी रोटी' पाहिला तर ब्रेसाँची छाया कोणासही ओळखूं येईल. कौल २०११ मध्यें आणि शहानी २०२४ मध्यें निवर्तले. तेव्हां ज्या आवारांत संतपट झाले त्याच आवारांतून एक विद्यार्थी या अबोल गुरूच्या दारीं गेला, ही गोष्ट मराठी वाचकानें विसरूं नये.

आपल्याकडेही जनावर मध्यें ठेवून चित्रपट झाले आहेत. उमेश कुलकर्णी यांच्या २००८ च्या 'वळू'मध्यें देवाला सोडलेला एक बैल गांवच्या सर्व खोड्यांचा धनी ठरतो. कोणाचें काय बिघडलें तरी नांव डुरक्याचें. त्यास पकडावयास वनखात्याचा अधिकारी येतो, आणि बैलापेक्षां गांवच अधिक उघडें पडतें. विनोदाच्या अंगानें जाणारा तो चित्रपट ब्रेसाँच्या रीतीचा नाहीं. परंतु दोषी जनावर नव्हे, पाहणारा आहे, ही खूण दोहोंत एक आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'तलें डुक्कर याहून वेगळें. तेथें जनावर पकडण्याचें काम ज्याच्या कपाळीं जातीनें लिहिलें त्या मुलाकडेच आपली दृष्टि जाते, आणि तेंच योग्य. अलीकडे २०२२ मध्यें स्कोलिमोव्हस्की या पोलिश दिग्दर्शकानें बाल्ताझारवरूनच स्फूर्ति घेऊन 'ईओ' नांवाचा गाढवाचा चित्रपट काढला. तो देखणा आहे, परंतु मला तो थोडा नटवा वाटला.

ब्रेसाँची खरी नातलग कला शोधावयाची तर मी बोईसरहून डहाणूच्या रस्त्यास लागेन. वारली चित्रांत मनुष्य म्हणजे दोन त्रिकोण. तोंडावर नाक नाहीं, डोळे नाहींत, हंसणें-रडणें नाहीं. सुखदुःख काय तें कमरेच्या वांकण्यांत आणि हातांच्या उचलण्यांत. बैल, कोंबडी, मुंगी, माणूस हीं सर्व एकाच पांढऱ्या रेषेनें, एकाच मानानें काढलेलीं. या कलेस जगापुढें नेणारे डहाणूकडील जिव्या सोमा म्हशे यांचीं चित्रें १९८९ सालीं पॅरिसमधील एका मोठ्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं होतीं. ब्रेसाँ तेव्हां हयात होता. त्यानें तीं पाहिलीं असतील असा माझा दावा नाहीं. पण चेहरा पुसून टाकल्याशिवाय जीव दिसत नाहीं, ही जाण दोघांनीं आपापल्या वाटेनें मिळविली होती.

आतां गृहिणींचा रास्त प्रश्न : घरांत सर्वांनीं मिळून पाहण्याजोगा हा चित्रपट आहे काय? लहान मुलांना दाखवूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. गाढवाचा मार आणि मारीची दुर्दशा दोन्ही त्यांना झेपणार नाहींत. सोळा वर्षांपुढील मुलांमुलींनीं वडीलधाऱ्यांसमवेत अवश्य पाहावा. जेरारसारखा मनुष्य कसा दिसतो आणि कसा बोलतो हें त्यांनीं घरांत बसूनच शिकलेलें बरें. आमच्या बोईसरच्या घरीं तो आम्ही सर्वांनीं मिळून पाहिला. प्रथम अर्धा तास कोणी गंभीर नव्हतें. गाढवाचा सिनेमा म्हणून थट्टा चालली होती. पुढें रहाटाचा प्रसंग आला. थोरल्या काकू इतका वेळ जपाची माळ ओढीत बसल्या होत्या. त्या मध्येंच म्हणाल्या, "आपल्या आत्याबाई अशाच फिरल्या रे. चार महिने या भावाकडे, चार त्या. जिकडे बाळंतपण तिकडे आत्याबाई. कोणी विचारलें का त्यांना कधीं, कुठें राहायचें आहे म्हणून?" कोणी उत्तर दिलें नाहीं. आत्याबाई बालविधवा होत्या आणि त्यांना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्यांची ट्रंक अजून माळ्यावर आहे. तींत दोन लुगडीं आणि एक पोथी याखेरीज कांहीं निघालें नव्हतें. आम्ही त्यांना साध्वी म्हणत असूं. बाल्ताझारला संत म्हणणारी ती फ्रेंच माता आणि आत्याबाईंना साध्वी म्हणणारे आम्ही, यांत एक फरक आहे : तिनें गाढव द्यावयाचें नाकारलें होतें. आम्ही पुढल्या बाळंतपणाचें पत्र लिहीत असूं.

या निमित्तानें एक वर्तमानही सांगावयास हवें, कारण ज्या प्राण्याविषयीं हें सर्व लिहिलें तो आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होत आहे. २०१२ च्या पशुगणनेंत भारतांत सुमारें ३ लाख २० हजार गाढवें होतीं. २०१९ च्या गणनेंत तीं सुमारें १ लाख २० हजारांवर आलीं. सात वर्षांत शंभरांतील साठांहून अधिक गेलीं. विटा आणि वाळू वाहण्यास मोटारी आल्या, हें एक कारण. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांस तें समजावून सांगावयास नको. मालमोटारींची रांग हीच येथील वरात. दुसरें कारण कातड्याचें. गाढवाचें कातडें उकळून चीनमध्यें एक औषधी पदार्थ करतात, आणि त्याच्या मागणीपायीं जगभर गाढवांची चोरटी कत्तल चालते. आफ्रिकेंतील राष्ट्रांच्या संघानें २०२४ च्या फेब्रुवारींत या कातड्यांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे पौषी पौर्णिमेस जेजुरीला आणि कानिफनाथांच्या यात्रेंत मढीला गाढवांचा मोठा बाजार भरतो. ज्यांस खंडोबाचें दर्शन घ्यावयाचें असेल त्यांनीं तो काळ साधून बाजारांतूनही एक फेरी मारावी. व्यापारी दांत पाहून वय ठरवितात. आपण डोळे पाहावे.

चित्रपट पाहण्यापुरती एक व्यवहाराची सूचना. संभाषण फ्रेंच आहे, आणि मराठी उपशीर्षकांसह तो माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं. इंग्रजी उपशीर्षकें जलद वाचतां येणाऱ्या कोणी तरी वडील मंडळींजवळ बसून तीं मराठींत सांगत जावें. बोलणें इतकें थोडें आहे कीं नातवंडांपैकीं एकजण हें काम सहज करील. मारीच्या आईचें बोलणें मात्र घाईनें सांगूं नये. त्यानंतर सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं. डोंगरावर सकाळ होते, खालून मेंढ्यांचा कळप चढत येतो आणि बाल्ताझारभोंवतीं पसरतो. तो खालीं बसतो. मेंढ्यांच्या गळ्यांतील घंटा वाजत असतात. त्या वेळीं घरांतला पंखा सुद्धां बंद करून ठेवावा, म्हणजे त्या नीट ऐकूं येतात.